एकादशीची सकाळ आणि शुगरची गोळी

सी-४०२ : सर्वांना नमस्कार. काल एकादशीच्या सकाळी आमचे सासरे जिन्यात घामाघूम होऊन बसलेले दिसताच ज्यांनी धाव घेतली, त्या सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे साडेसात वाजता शुगरची गोळी घेतली आणि फराळ परत आल्यावर करू असे म्हणून ते विठ्ठलाच्या दर्शनाला पायी गेले. नऊच्या सुमारास परतले तेव्हा हात थरथरत होते, बोलण्यात संगती नव्हती आणि ग्लुकोमीटरवर साखर ५२ होती. लगेच साखरपाणी पाजले, पण वीस मिनिटांनीही आकडा ५६ च्या पुढे गेला नाही. अखेर दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज द्यावे लागले. आज ते घरी आले आहेत.

ए-१०३ : काका सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. साखर पोटात जाऊनही ती रक्तात का वाढली नसेल? बी-२०१ मधील ताईंनी अनेक वर्षे औषधांचे दुकान चालवले आहे, त्यांना कदाचित सांगता येईल.

बी-२०१ : गोळीच्या पट्टीमागे छापलेली औषधांची नावे कळवाल का?

सी-४०२ : ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. आम्ही आजवर याला एकच औषध समजत होतो.

बी-२०१ : अनेक घरांत हाच समज असतो. यातले ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न नसले तरी त्याचे काम चालूच राहते. म्हणून ही गोळी घेऊन उपाशी राहिले की साखर उतरते. मेटफॉर्मिन एकटे असताना सहसा असे होत नाही. व्होग्लिबोजचे काम आतड्यात चालते. पिष्टमय पदार्थ आणि साखर फोडणाऱ्या विकरांना (म्हणजे पचन घडवणाऱ्या एन्झाइमना) ते अडवते, त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. आपल्या डब्यातली साखर म्हणजे सुक्रोज, आणि तिच्यापासून ग्लुकोज सुटे होण्यासाठी तेच विकर लागते. काल एवढेच कारण होते असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण हे औषध घेणाऱ्यांची साखर ७० च्या खाली गेली तर साखर, गूळ किंवा पेढा न देता औषधांच्या दुकानात मिळणारी साधी ग्लुकोज पावडर, सुमारे १५ ग्रॅम म्हणजे तीन-चार लहान चमचे, पाण्यात कालवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि आकडा सावरला की काहीतरी खायला द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा वेळी थेट १०८ ला फोन करावा. ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून एकदा बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावेच.

ए-३०४ : मग उपवासाला गोळी घेऊच नये का? माझे यजमान तर सगळ्या गोळ्या सोडून जांभळाच्या बियांचे चूर्ण घेण्याचा विचार करत आहेत.

बी-२०१ : वहिनी, त्यांना कृपया थांबवा. चूर्ण ही गोळ्यांची जागा घेणारी गोष्ट नाही आणि गोळ्या अचानक सोडल्या तर साखर भरमसाट चढू शकते. उपवासाच्या काही दिवस आधी डॉक्टरांना विचारले तर ते डोस किंवा वेळ बदलून देतात. कुणाला डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचेच दुसरे औषध चालू असेल त्यांनी तर हे विचारल्याशिवाय निर्जळी करूच नये. त्या औषधावर उपाशी राहिल्यास रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये, वाढण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसला तरी मळमळ, उलट्या व धाप सुरू होऊ शकते. आणि दिवसभर काही न खाता रात्री ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर तो जवळजवळ निव्वळ स्टार्च असल्याने साखर तितक्याच वेगाने वर जाते.

ए-१०३ : ग्लुकोज पावडरचा एक डबा आजच आणून पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये ठेवतो.

ए-३०४ : ताई, आत्ताच यजमानांची पट्टी पाहिली. तिच्यावरही व्होग्लिबोज आहे. उद्या सकाळी आम्ही डॉक्टरांकडे जात आहोत.