विषय: रेस्क्यूमधला छोटा टेरियर आणि टोरंटोची थंडी

नमस्कार मंडळी,

आम्ही नॉर्थ यॉर्कला भाड्याच्या कॉन्डोत बाराव्या मजल्यावर राहतो. आम्ही दोघं आणि 9 वर्षांची लेक. गेल्या शनिवारी एका रेस्क्यूमध्ये (सोडून दिलेल्या कुत्र्यांना घर शोधून देणारी संस्था) 5 वर्षांचा टेरियर मिक्स कुत्रा पाहिला. सहा-साडेसहा किलोचा, राठ केसांचा, एक कान उभा नि एक पडलेला. लेकीच्या बुटांचा बराच वेळ वास घेतला आणि तिच्या पायाशी येऊन बसला. फॉर्म भरून आलोय, पण रात्री झोप लागत नाही. एवढासा जीव, जानेवारीत दिवसातून तीनदा खाली न्यायचा, थंडी सोसेल का त्याला? सांगलीला आमच्याकडे कुत्रा होता, पण तो अंगणात वाढलेला. ज्यांच्या घरी आहे त्यांनी कृपया स्पष्ट सांगा.

– नॉर्थ यॉर्कहून

---

अगं,

आमचा गुंड्या असाच रेस्क्यूतला, 11 वर्षं झाली. थंडी त्याला सोसत नाही, पण सांभाळता येते. लहान अंगातली ऊब झटकन जाते आणि पाय आखूड असल्यामुळे पोट बर्फाला टेकतं. म्हणून पोटाखालूनही झाकणारा कोट घे. उणे 10 च्या खाली गेलं की मी त्याचं काम उरकून पाच-सात मिनिटांत वर आणते. फ्रॉस्टबाइट, म्हणजे थंडीने कातडी गोठणं, आधी कानांच्या टोकांना, शेपटीला आणि पंजांना होतो, तिथे हात लावून बघत जा.

थंडीपेक्षा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ वाईट. पहिल्या हिवाळ्यात गुंड्या फुटपाथवर मध्येच थांबला आणि एक पाय वर धरून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं हट्ट करतोय, मी पट्टा ओढला. घरी येऊन पाहिलं तर बोटांच्या बेचक्यात मिठाचा खडा रुतलेला, आजूबाजूची कातडी लालबुंद. त्या ओढण्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून दाराशी कोमट पाण्याचं पसरट भांडं आणि जुना पंचा ठेवलेला असतो. चारही पाय बुडवायचे, बोटांमधून पुसायचे. पातळ रबरी बूट मिळतात, फुग्यासारखे. जाड बुटांपेक्षा ते त्याने लवकर मान्य केले. पार्किंगमध्ये गाडीखाली सांडलेलं अँटिफ्रीझ (इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते) चवीला गोड असतं आणि थोडंसंही जिवावर बेततं. तिथून त्याला उचलूनच ने.

आपलं स्वयंपाकघर हा वेगळा धोका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, शिजवले तरी. द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, म्हणजे शिऱ्याचा प्रसादही नाही. हे आल्यागेल्याला आधीच सांगून ठेव, आपल्या लोकांना माया दाखवायची ती खाऊ घालूनच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याला आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे कोणालाही बघायला बोलावू नकोस, मलासुद्धा. पहिले तीन दिवस तो कदाचित नीट खाणार नाही, टेबलाखाली बसेल, घरात शूही करेल. लेकीला सांग, त्याच्याजवळ जमिनीवर बसून अभ्यास कर, पण हात त्याने पुढे येईपर्यंत लावायचा नाही. घरी रुळायला तीन महिने धर. रेस्क्यूतून परत गेलेली कुत्री मी पाहिली आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना हा वेळच मिळाला नव्हता.

आणि टेरियर म्हणजे बिळात शिरून उंदीर-कोल्हे धरायला घडवलेली जात. खार दिसली की हाक ऐकू येत नाही. मागे सरकून पट्ट्यातून मान काढून घेतात, म्हणून छातीभोवती नीट बसणारा पट्टा, हार्नेस, घे आणि घराचं दार उघडताना आधी तो कुठे आहे ते बघ.

– स्कारबरोची काकू

---

नमस्कार,

भाड्याचं घर आहे म्हणून लिहितो. ऑन्टॅरिओच्या 2006 च्या भाडेकरू कायद्यात 'प्राणी पाळायचे नाहीत' ही करारातली अट रद्दबातल ठरते. पण कॉन्डोच्या मूळ दस्तऐवजात कुत्र्याच्या संख्येवर किंवा वजनावर बंधन असेल तर ते तुम्हालाही लागू होऊ शकतं. सही करण्याआधी मॅनेजमेंटकडून ते लेखी मागून घ्या. रेबीजची लस आणि शहराचं लायसन्स दोन्ही सक्तीचं आहे. लशीचा कागद रेस्क्यूकडूनच घ्या.

– मिसिसॉगाहून

---

काकू आणि मिसिसॉगाचे दादा, मनापासून आभार.

कॉन्डोचं उत्तर आलं, अडचण नाही. गुरुवारी त्याला घरी आणलं. तुम्ही म्हणालात तसाच टेबलाखाली बसलाय. काल काही खाल्लं नाही. आज सकाळी लेक पाढे म्हणत जमिनीवर बसली होती, तेराच्या पाढ्यापर्यंत आली तेव्हा त्याने तिच्या वहीवर हनुवटी टेकवली. तिने हात लावला नाही, मला खुणेने बोलावलं फक्त.

एक विनंती: मुलं मोठी झाल्यामुळे कोणाकडे बेबी गेट पडून असेल तर कळवा, स्वयंपाकघराच्या दाराला हवं आहे. शनिवारी सकाळी येऊन घेऊन जाईन. घरी मात्र अजून कोणाला बोलावत नाही, राग मानू नका.

– नॉर्थ यॉर्कहून