मुलीचा बोका ‘थोडे दिवस’ आपल्याकडे ठेवून घ्यावा का?

सिंहगडरोडवाली
मुलीला जर्मनीत नोकरी लागली, आनंद आहेच, पण तिचा बोका आता बंगळुरूहून आमच्या पुण्यातल्या फ्लॅटवर येतोय आणि "थोडेच दिवस गं आई" असं पालुपद चालू आहे. थोडेच म्हणजे किती ते मीच शोधून काढलं. भारतातून मांजर तिकडे न्यायचं तर आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून युरोपने मान्यता दिलेल्या लॅबमध्ये तपासणी, आणि ती पास झाली तरी रक्त काढल्या तारखेपासून ३ महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी ४ महिने गेलेच. बरं चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत, आणि बाईसाहेबांनी चिप बसवलेलीच नाहीये!
माझं मत, ठेवून घ्यावं, पण मुलांनी गृहीत धरू नये. खर्च तिचा, कागदपत्रं तिची, नेण्याची तारीख आधी ठरवायची. ह्यांचं म्हणणं, पोटच्या पोरीशी कसले करार करतेस.

निवृत्त_आणि_निवांत
ताई, स्पष्टच बोलतो, राग मानू नका. ठेवूच नका. आमच्या चिरंजीवांनी दोन महिन्यांसाठी म्हणून मांजर आणून सोडलं, त्याला आता चौथं वर्ष. दरम्यान सूनबाईंना शिंका येतात असा शोध लागला. आता आम्ही दोघं मिळून कुठे जाऊच शकत नाही, ही चारधामला गेली तेव्हा मी घरी मांजराची शी काढत बसलो होतो. मुलं वाढवली, शिकवली, आता हेही आम्हीच?

माऊची_मावशी
काका, तुमचा राग मुलावर आहे, मांजराच्या डोक्यावर कशाला? पोरगी परदेशी गेली की चार लोकांत कौतुकाने सांगायचं, आणि तिच्या घरातलं एक जनावर आलं की कपाळाला आठ्या. ताई, तुमच्या मिस्टरांना +१.

दिवाणाखाली
माझ्याकडे तीन मांजरं आहेत तरी मी काकांच्या बाजूने, कारण वेगळं. प्रश्न मायेचा नाहीच, झेपण्याचा आहे. पहिले दोन-तीन दिवस तो पलंगाखालून बाहेरच येणार नाही, ओढून काढायचा नाही, एकाच खोलीत ठेवायचा, मुलीचा न धुतलेला टीशर्ट तिथे टाकायचा. खाणं आहे तेच ठेवायचं, बशीभर दूध वगैरे लाड नकोत, मोठ्या मांजरांना बरेचदा ते पचत नाही. पण दोन दिवस कशालाच तोंड लावलं नाही तर डॉक्टर गाठायचा, उपाशी राहिलं की मांजराचं लिव्हर बिघडतं. आणि बोका असल्यामुळे मुद्दाम सांगते, ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाहीये तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उचलून न्यायचा, तुंबलं तर एक-दोन दिवसांत जीव जातो. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटॅमॉल तर चुकूनही द्यायची नाही, मांजराला ती विष आहे. आता सांगा, रात्री दोनला पाच किलोचा चवताळलेला बोका पिंजऱ्यात कोंबून रिक्षा शोधणं गुडघेदुखीवाल्या आईवडिलांना जमणार आहे का? जमत असेल तर खुशाल ठेवा.

पीजीत_राहणारी
मी त्या पोरीच्या बाजूने. बोर्डिंगमध्ये चार महिने पिंजऱ्यात ठेवायचं का मग? आणि खर्चाचं म्हणाल तर मी माझ्या मनीसाठी पैसे पाठवले की आई चिडते, "आम्हाला काय भीक लागलीये का", आणि नाही पाठवले की मावशीला फोन करून सांगते की हिने वाऱ्यावर सोडलं. आम्ही करायचं तरी काय!!

निवृत्त_आणि_निवांत
पैसे राहू देत, सुट्टी काढून या. वर्षातून पंधरा दिवस इथे राहून मांजर सांभाळा, आम्ही कोकणात जाऊन येतो. ह्यावर एकही पोरगं बोलत नाही.

माऊची_मावशी
हे मात्र पटलं काका.

नाशिकची_सून
अवांतर, पण कुणाच्या घरी सून किंवा मुलगी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज साफ करायचा. तेवढ्यासाठी मांजर हाकलायची गरज नसते.

सिंहगडरोडवाली
सगळ्यांचं वाचलं. दिवाणाखाली ताई, तुमचं लघवीचं लिहिलेलं फ्रिजवर चिकटवलंय, प्राण्यांच्या डॉक्टरांच्या नंबरासकट. मुलीला काल फोनवर सरळ विचारलं, न्यायला कोण येणार? कारण मांजराचा प्रवास मालकाच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर ५ दिवसांच्या आतच व्हावा लागतो, नाहीतर नियम आणखी किचकट होतात. हे तिच्या गावीही नव्हतं. मग चिपची अपॉइंटमेंट सोमवारची घेतली, डिसेंबरमध्ये स्वतः येते म्हणालीये, तिकीट काढल्याशिवाय बोका आमचा जिना चढणार नाही हेही सांगितलं. इकडे ह्यांनी मला न विचारता चौथ्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांना जाळी मारायला माणूस बोलावलाय आणि ते बिल पोरीला पाठवायचं नाही म्हणतायत. त्यावरून सकाळपासून अबोला आहे.

निवृत्त_आणि_निवांत
जाळी बसतेय म्हणजे बोका कायमचा आला. डिसेंबरात कळवा.