१९६९ च्या सहा सिलिंडरच्या पिकअपमध्ये घरीच ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवताना काय काय बदलावे लागेल?

हौदावाला:

नमस्कार. माझ्याकडे १९६९ सालची शेव्हरोले सी-१० पिकअप आहे. तिच्यात मूळचे २५० घनइंचाचे, म्हणजे ४.१ लिटरचे, सरळ सहा सिलिंडरचे इंजिन आणि तीन गिअरचा हलका गिअरबॉक्स आहे. रिकामी असताना गाडीबद्दल काहीच तक्रार नाही, पण हौद्यात माल भरला की साध्या चढावरही ती मान टाकते. म्हणून ३५० घनइंचाचे, ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवण्याचे मी ठरवले आहे. थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (कार्बुरेटरच्या जागी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी रचना) असलेल्या, पुढच्या काळातल्या एका पिकअपमधून उतरवलेले इंजिन मिळाले असून त्याच्या ब्लॉकच्या मागच्या कडेवर १४०९३६३८ हा ओतीव क्रमांक आहे. इंजेक्शन आणि त्याचा संगणक काढून टाकून मी कार्बुरेटर लावणार आहे.

या दोन्ही इंजिनांना एकच बेल हाऊसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे घंटेच्या आकाराचे आवरण, बसते असे माझ्या वाचनात आले. त्यामुळे गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जागेवरच ठेवून नुसते इंजिन बदलले की काम झाले, अशी माझी समजूत आहे. इंजिन उचलण्यासाठी शेडच्या आडव्या अँगलला चेन कुप्पी (साखळीने ओढून वजन उचलायची कप्पी) टांगण्याचा विचार आहे. मी आणि धाकटा भाऊ मिळून चार रविवारांत हे उरकू असा अंदाज आहे. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी माझ्या हिशेबातून काय सुटते आहे ते सांगावे, ही विनंती.

पाना_तेरा:

आपण वाचले ते खरे आहे, पण अर्धेच आहे. बेल हाऊसिंगची भोके दोन्ही इंजिनांना जुळतात. अडचण त्या भोकांच्या आत, क्रँकशाफ्टच्या टोकाशी आहे. १९८६ पासून ३५० च्या क्रँकला मागच्या बाजूस दोन तुकड्यांऐवजी एकसंध ऑइल सील आले. त्यासाठी क्रँकचा मागचा फ्लँज बदलला, फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकाला बसणाऱ्या जड दातेरी चाकाच्या) बोल्टांचे वर्तुळ सुमारे ९१ मिलिमीटरवरून ७६ मिलिमीटरवर आले, आणि समतोलासाठी लागणारे जे वजन पूर्वी फ्लँजवरच होते ते फ्लायव्हीलवर गेले. आपण दिलेला क्रमांक १९८७ ते १९९५ या काळातल्या ब्लॉकचा आहे, त्यामुळे सहा सिलिंडरचे आपले फ्लायव्हील त्यावर बसणार नाही. लेथवर नवी भोके पाडून ते बसवून देतो असे कोणी म्हणाले तर कृपया ऐकू नका, कारण भोके जुळली तरी वजन जुळणार नाही आणि ती थरथर थेट क्रँकच्या बेअरिंगांवर जाईल. १९८६ नंतरच्या ३५० चे, हाती गिअरबॉक्ससाठी असलेले फ्लायव्हीलच घ्यावे लागेल.

ते घेताना त्याचे दात मोजून घ्या. ही फ्लायव्हीले १५३ दातांची आणि १६८ दातांची अशा दोन मापांत येतात. लहान मापाच्या स्टार्टरचे दोन बोल्ट एका सरळ रेषेत असतात, मोठ्या मापाच्या स्टार्टरचे मागेपुढे असतात. चुकीची जोडी लागली तर पिनियन, म्हणजे स्टार्टरचे लहान दातेरी चाक, एक तर दातांपर्यंत पोहोचतच नाही, किंवा दात खाऊन टाकतो.

कार्बुरेटर लावण्याच्या निर्णयाला माझा विरोध नाही, मात्र त्याच्यामागून तीन गोष्टी ओढल्या जातात. १९८७ पासूनच्या ओतीव लोखंडी हेडांमध्ये इनटेकच्या मधल्या बोल्टांचा कोन बदलला आहे, त्यामुळे जुन्या ३५० चा इनटेक मॅनिफोल्ड (ज्यावर कार्बुरेटर बसतो तो भाग) सहज मिळाला तरी तो सरळ बसणार नाही. इंजेक्शनच्या इंजिनावरचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग, स्वतःहून स्पार्क पुढे नेत नाही, ते काम संगणक करत असे; संगणक काढलात की वजने आणि व्हॅक्यूमची डबी असलेला डिस्ट्रिब्युटर लावावा लागेल. तो एचईआय (पॉइंटांऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या) जातीचा घेतलात तर त्याला पूर्ण १२ व्होल्ट द्या. आपल्या गाडीतली इग्निशनची मूळ तार प्लॅटिनम पॉइंट सांभाळण्यासाठी मुद्दाम रोध असलेली आहे, तिच्यावर एचईआय जोडला तर गाडी सुरू होते, पण ओझ्याखाली फटके मारते आणि माणूस आठवडाभर कार्बुरेटरच खोलत बसतो. तिसरी गोष्ट पेट्रोलच्या पंपाची. उशिराच्या काही ब्लॉकांवर यांत्रिक पंपाची जागा तासलेलीच नसते. तशी ती नसेल तर कमी दाबाचा विजेचा पंप लावा. इंजेक्शनचा पंप ठेवू नका, त्याचा दाब कार्बुरेटरच्या सुईला झेपत नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण ती आपल्याही वाट्याला येण्याची दाट शक्यता आहे. मी असेच १९८८ नंतरचे इंजिन जुन्या गाडीत बसवले आणि पुढचा लांब सर्पिल पट्टा व त्याचे ब्रॅकेट काढून जुन्या व्ही-पट्ट्याच्या पुल्या चढवल्या. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. रेडिएटरचा वरचा होज हात लावता येऊ नये इतका तापलेला आणि खालचा जेमतेम कोमट होता. मी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर उतरवून आतून साफ करून आणला, हेड गॅसकेट गेले असावे अशा शंकेने कॉम्प्रेशनही मोजले. दोन रविवार असे गेल्यावर वैतागून पाण्याचा पंप काढला आणि जुना पंप शेजारी ठेवला, तेव्हा आतल्या चक्राच्या पात्यांचा कल एकमेकांच्या विरुद्ध असल्याचे दिसले. सर्पिल पट्टा पंपाला आपल्या सपाट पाठीने फिरवतो, म्हणून त्या इंजिनांचा पंप उलटा फिरण्यासाठीच बनवलेला असतो. व्ही-पट्टा त्याला सुलटा फिरवतो आणि पाणी जागच्या जागी घुसळत राहते. पंख्याचेही तेच आहे. एक तर पुढची सगळी रचना नव्या इंजिनाची ठेवा, नाही तर पंप, पंखा आणि पुल्या सगळे जुन्या पद्धतीचे लावा. दोहोंची मिसळ करू नका.

उरलेले थोडक्यात सांगतो. चॅसिसवरची इंजिनाची माउंटिंग व्ही-८ ची घ्यावी लागतील. डाव्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंग बॉक्सला घासतो का ते इंजिन लटकते असतानाच पाहून घ्या. क्लच पेडलचा आडवा दांडा ज्या गोल डोक्याच्या बोल्टवर टेकतो, त्या बोल्टचे भोक उशिराच्या काही ब्लॉकांवर पाडलेले नसते, ते आजच तपासा.

बिनघाई:

वरची सर्व माहिती बरोबर आहे, तरीही मी एक पाऊल मागे येऊन विचारतो: आपल्याला नेमका त्रास कशाचा आहे? भरलेली गाडी चढावर उभी असताना हलत नाही, की हलते पण पुढे वेग टिकवत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. तीन गिअरच्या या हलक्या बॉक्सचा पहिला गिअर साधारण २.८५ चा असतो, म्हणजे इंजिनाच्या २.८५ फेऱ्यांना शाफ्टची एक फेरी होते, तर त्या काळच्या पिकअपमध्येच मिळणाऱ्या एसएम४६५ या चार गिअरच्या जड बॉक्सचा पहिला गिअर ६.५५ चा आहे. केवळ बॉक्स बदलला तरी पहिल्या गिअरमधली ओढ दुपटीहून अधिक होते आणि इंजिनाचा एकही नट सैल करावा लागत नाही. मात्र त्याचा तिसरा गिअर १.७० चा, म्हणजे तुमच्या आताच्या दुसऱ्याच्या जवळपासच, असल्यामुळे चालत्या गाडीचा चढावरचा वेग त्याने वाढणार नाही. तुमचा त्रास वेग टिकण्याचा असेल तर मोठे इंजिन हेच उत्तर आहे, असे मीही म्हणेन.

आकड्यांची तुलना करतानाही सावध राहा. १९६९ च्या कागदांवर २५० ला १५५ आणि ३५० ला २५५ अश्वशक्ती लिहिलेली आढळते, परंतु ते ग्रॉस आकडे आहेत, म्हणजे सायलेन्सर, पंखा, एअर फिल्टर यांचे ओझे न लावता चाचणीच्या घोडीवर मोजलेले. १९७२ पासून गाडीत बसलेल्या अवस्थेतले नेट आकडे देण्याची पद्धत आली. आपल्या इंजेक्शनवाल्या इंजिनाचे मूळ नेट आकडे सुमारे २१० अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन मीटरच्या आसपास आहेत. ते १९६९ च्या २५५ पेक्षा कमी दिसतात, म्हणून इंजिन अशक्त समजू नका.

आणि ब्रेक. या धाग्यात अजून कोणी त्यांचे नावही घेतलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. आपल्या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत. पुढचे डिस्क ब्रेक या पिकअपना १९७१ पासून मिळाले. सहा सिलिंडरपेक्षा व्ही-८ साधारण पन्नास किलोंनी जड, ते वजन सगळे पुढच्या स्प्रिंगांवर, आणि भरलेली गाडी आता त्याच उतारावर अधिक वेगाने पोहोचणार. माझे मत स्पष्ट आहे: १९७१-७२ च्या गाडीचा पुढचा पूर्ण संच, म्हणजे आर्म, स्पिंडल आणि डिस्क, आधी बसवा, त्याला जुळणारा मास्टर सिलिंडर लावा, आणि मगच इंजिनाला हात घाला. एक लक्षात घ्या की १९७० पर्यंतच्या आपल्या चाकांना सहा नट आहेत आणि डिस्कच्या संचाला पाच, त्यामुळे मागची-पुढची चाके जुळवण्याचा खर्चही आधीच धरा.

चेनकुप्पी:

मी फक्त उचलण्याबद्दल लिहितो. शेडचा अँगल वरच्या पत्र्याचे वजन पेलण्यासाठी असतो, त्याच्या मधोमध अडीचशे किलोंचे लोखंड लटकवण्यासाठी नसतो. तो एकदम तुटत नाही, आधी हळूच वळतो, आणि तोवर इंजिन नेमके मडगार्डच्या वर आलेले असते. चाकांची इंजिन क्रेन भाड्याने घ्या. तिच्या हातावर लांबीनुसार क्षमता लिहिलेली असते. दोन टनांची म्हणून दिलेली क्रेन हात पूर्ण बाहेर काढल्यावर अर्ध्या टनाचीच उरते, तरीही आपल्याला ती पुरते. बॉनेट काढून ठेवा आणि गिअरबॉक्सखाली जॅक लावल्याशिवाय बेल हाऊसिंगचा शेवटचा बोल्ट सोडू नका. इंजिन लटकत असताना त्याच्याखाली हात घालायचा नाही, हे भावाला आदल्या दिवशीच बजावून ठेवा.

हौदावाला:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी टॉर्च घेऊन ब्लॉक पाहिला. क्लचच्या बोल्टचे भोक आहे, पण यांत्रिक पंपाच्या जागी नुसता ओतीव फुगवटा आहे, तासकाम नाही, म्हणजे विजेचाच पंप लागणार. बिनघाई यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की गाडी उभ्याने सुटते, वेग मात्र टिकत नाही, त्यामुळे इंजिनाचा विचार कायम आहे. ब्रेक आधी करणार आहे. तीन गिअरचा बॉक्स सध्या ठेवावा की नाही, आणि इंजिन पहिल्यांदा सुरू करताना वीस मिनिटे २००० फेऱ्यांवर चालवावे असे जे सांगतात ते इथे लागू आहे का, एवढे दोनच प्रश्न उरले आहेत.

पाना_तेरा:

बॉक्स ठेवा, पण तो फार काळ टिकेल असे समजू नका. पहिल्या गिअरमध्ये भरलेल्या गाडीवर क्लच झटक्यात सोडलात तर तो दात टाकेल. जपून चालवलात तर एसएम४६५ शोधायला पुरेसा वेळ मिळेल. मात्र तो आणाल तेव्हा शाफ्टची लांबी नव्याने मोजावी लागेल.

वीस मिनिटांचा नियम नव्या कॅमशाफ्टसाठी आहे, तोही सपाट बुडाच्या टॅपेटांच्या (टॅपेट म्हणजे कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उघडवणारे भाग). आपण जुना कॅम आणि त्याचे टॅपेट न हलवता तसेच ठेवणार असाल तर त्याची गरज नाही. गरज आहे ती तेल आधी फिरवण्याची, कारण हे इंजिन बराच काळ उघडे पडून आहे. या इंजिनाचा तेलपंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याने फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्युटर काढून त्याच्या भोकातून ड्रिल मशीनने पंप घड्याळाच्या दिशेने फिरवता येतो. यासाठी नुसती सळई वापरू नका. डिस्ट्रिब्युटरचे बाहेरचे अंगच तेलाच्या एका वाटेची भिंत असते, ते नसेल तर तेल तिथेच गळून जाते आणि दाब चढत नाही. एखादा निकामी डिस्ट्रिब्युटर घेऊन त्याचा खालचा गिअर काढा आणि तो या कामासाठी ठेवा. व्हॉल्व्हची झाकणे उघडी ठेवून एकाने ड्रिल चालवावे आणि दुसऱ्याने मधूनमधून क्रँक पाव फेरी फिरवावा. दाब चढला की ड्रिल अचानक जड लागते. सोळाही रॉकरांवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या लहान दांड्यांवर) तेल दिसेपर्यंत थांबू नका. मला त्याला सात-आठ मिनिटे लागली होती, आणि मागच्या उजव्या कोपऱ्यातला रॉकर सर्वांत शेवटी ओला झाला.