दहावीला उत्क्रांती शिकवतोय. हेडसर म्हणतात, ‘सोबत दशावतार पण सांगून टाका’

शिक्षणसेवक_बीड

खाजगी अनुदानित शाळा, बीड जिल्हा, तालुक्यापासून बरीच आत. विज्ञान माझ्याकडं आहे. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. आनुवंशिकता झाली, उत्क्रांतीची नुसती तोंडओळख करून दिली, तर दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत हजर. माळकरी माणूस, गावात शब्दाला वजन, सप्ताह तेच बसवतात. भांडायला आले नव्हते. एवढंच म्हणाले, "सर, आमची लेकरं माकडाची करायलात का?"

मी कागदावर फांद्या काढून दाखवल्या. आजचं माकड या फांदीवर, आपण त्या फांदीवर, खोड खाली कुठंतरी एक. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. मग म्हणाले, "बरं, शिकवा. पण मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हे आपल्या लोकांना आधीच ठाऊक होतं, ते बी सांगा की."

हेडसरांना तोडगा फारच आवडला. "दोन वाक्यांचा प्रश्न आहे, तुमचं काय जातंय?" मलाही आधी वाटलं, काय जातंय खरंच. पण जीव मानत नाही. नोकरीत अजून कायम झालेलो नाही, हेही सांगून ठेवतो. तुम्ही काय केलं असतं?

उस्मानपुरा_वाचक

नियमाचं आधी बघा. राज्यघटनेचं कलम २८ लोक अर्धवट सांगतात. सरकारच्या पैशावर पूर्ण चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. तुमची अनुदानित, म्हणजे तुम्हाला लागू पोटकलम ३: पालकाच्या संमतीशिवाय कुठल्याही लेकराला त्यात बसवता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणं ही वेगळी गोष्ट, त्याला सुप्रीम कोर्टाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात हरकत घेतलेली नाही. पण विज्ञानाच्या तासाला ‘आपल्या लोकांना आधीच ठाऊक होतं’ ही माहिती नव्हे, हा दावा झाला.

आणि ‘आपले लोक’ म्हणजे वर्गातले कोण? मराठवाड्यातला वर्ग आहे. बौद्ध पोरं असतील, मुसलमान पोरं असतील. दशावतार सांगायला लागलात की नववा अवतार बुद्ध येणार. (आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी त्या जागी विठोबा दाखवतात, तो भाग वेगळा.) १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही, अशी सरळ प्रतिज्ञा आहे. तिसऱ्या बाकावरच्या पोरीने हात वर केला तर हेडसर उत्तर द्यायला येणारेत का?

‘दोन वाक्यं’ यावरून अमेरिकेतलं डोव्हर आठवलं. तिथल्या स्कूल बोर्डानेही चार परिच्छेदांचं निवेदनच वाचायला सांगितलं होतं: डार्विन हा केवळ सिद्धांत आहे, दुसरंही एक मत आहे (सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले, असं) वगैरे. विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचायला नकार दिला, मग अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन वाचलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबर २००५ मध्ये निकाल लागला की ते दुसरं मत विज्ञान नाही, धर्म आहे. अमेरिकेत १९२५ पासून हीच भांडणं चालू आहेत. त्या वर्षी टेनेसीत उत्क्रांती शिकवली म्हणून एका शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला होता.

हेडसरांना म्हणा, लेखी द्या. देणार नाहीत.

नरसीची_लेक

माझे वडील कीर्तनकार, मी स्वतः बी.एस्सी. त्या बाबांचा राग धरू नका, तुमची फांदी चष्मा लावून बघणारे पालक किती येतात?

पण हा दशावताराचा जोड मला भक्तीच्या बाजूनेच खटकतो. खांब फोडून नरसिंह आला तो प्रल्हादासाठी. त्याला ‘जनावर आणि माणूस यांच्यामधली पायरी’ केलं की प्रल्हाद कुठं गेला? आणि पायऱ्या तरी लागतात का बघा. बळी हा प्रल्हादाचा नातू, म्हणजे नरसिंहापासून वामनापर्यंत मध्ये जेमतेम दोन पिढ्या. परशुराम आणि राम तर समोरासमोर भेटतात. कथेचा हिशोब कथेसारखा आहे, तो डार्विनच्या वहीत कशाला उतरवायचा? आमच्या देवाला डार्विनचं सर्टिफिकेट लागत नाही. वडिलांना विचारलं, ते हसले आणि म्हणाले, "सप्ताहात मी अळीवर बोलत नाही, त्यांनी वर्गात अवतारावर बोलू नये."

कापूसवाले_गुरुजी

अळीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. परभणीकडचा, निवृत्त, चार एकर कोरडवाहू. ३० वर्षं हाच विषय शिकवला.

सर, तुम्ही माकडापासून सुरुवात केलीत ना, तिथंच गाडं अडतं. माकड म्हटलं की माणूस अंगावर घेतो. बोंडअळीपासून सुरू करा. गुलाबी बोंडअळीचा अभिमान कुणालाच नाही.

वर्गातल्या निम्म्या घरांत कापूस असतो. पोरांना विचारा, २००२ ला बीटी (अळीला मारणारं विष झाडातच असलेलं कापसाचं वाण) आलं, २००६ ला दोन जनुकांचं बीजी टू आलं, तेव्हा अळी मरत होती. मग २०१७ ला बोंडंच्या बोंडं किडकी का निघाली? ‘बियाणं बोगस’ असं पहिलं उत्तर येतं. येऊ द्या. मग ४५० ग्रॅमच्या बीटीच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची तिचं काय केलं ते विचारा. कुणी बांधावर टाकली, कुणी गोठ्यात ठेवली, लावली क्वचितच कुणी. ती पुडी हाच अख्खा धडा आहे. बीटीच्या रानात लाखातली एखादी अळी वाचते, कारण तिच्यात जन्मतःच तसा बदल असतो. शेजारी नॉन-बीटी असेल तर तिथून साधे पतंग येतात, वाचलेल्याचं लग्न त्यांच्याशी लागतं आणि त्यांची पिल्लं बहुतेक पुन्हा बीटीने मरतात. पुडी लावलीच नाही तर वाचलेल्यांचं वाचलेल्यांशीच जुळतं. त्यात आपण फरदड ठेवणार (वेचणी झाली तरी तेच पीक रानात राखणार), म्हणजे उन्हाळ्यापर्यंत खायला तयार. एका हंगामात चार-पाच पिढ्या. विषाने अळीला काही शिकवलं नाही, नुसती निवड केली. नैसर्गिक निवड म्हणजे हेच. पोरांच्या बापाचा खिसा त्यात रिकामा झालेला असतो, त्यामुळे व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

एकदा एका पोराने विचारलं होतं, "गुरुजी, अळीची अळीच राहिली ना? कावळा थोडीच झाली?" हुशार होतं कार्टं. ही शंका दाबू नका. म्हणा, बरोबर आहे, एवढ्या काळात एवढंच. मोठा बदल बघायला मोठा काळ लागतो, आणि त्याचा पुरावा दगडात बघायचा. गुजरातेत कच्छला चार पायांच्या देवमाशांचे जीवाश्म सापडलेत, चार कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे. आजच्या देवमाशाच्या पोटात मागच्या पायांच्या हाडांचे तुकडे अजून आहेत. त्यानंतर आपलं माकडहाड काढा. या क्रमाने गेलात तर शेवटी माकड आलं तरी कुणी उठून जात नाही.

दशावताराबद्दल पोरांनी विचारलंच तर मी एवढंच सांगायचो: कुठला पुरावा मिळाला तर ही गोष्ट खोटी ठरेल, हे सांगता येतं का? उत्क्रांतीबद्दल सांगता येतं. देवमाशाची हाडं माशांच्याही आधीच्या थरात सापडू द्या, डार्विन अडचणीत. अवताराला ही परीक्षा लावायची नसते, म्हणून तो या तासाचा विषय नाही. पोरांना पटतं. मोठ्यांना वेळ लागतो.

सीबीएसईचा_बाप

तुमच्याकडं निदान धडा तरी आहे. माझ्या मुलाच्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेलीच, धड्याचं नाव आता नुसतं ‘आनुवंशिकता’. ओझं कमी करायचं कारण दिलं. २०२३ ला अठराशेच्या वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं, फरक पडला नाही. बारावीच्या जीवशास्त्रात आहे म्हणतात. पण दहावीनंतर कॉमर्स घेणाऱ्या पोराने कधी वाचायचं?

आणि याची चर्चा सुरू झाली ती आपल्याच गावातून. जानेवारी २०१८ ला तेव्हाच्या औरंगाबादेत वैदिक संमेलनाला आलेले केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह बोलले की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठं लिहून ठेवलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून निषेधाचं पत्रक काढलं, तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री जावडेकर यांनीही त्यांना आवरायला सांगितलं.

कापूसवाले_गुरुजी

@सीबीएसईचा_बाप पूर्वजांनी तर बोंडअळी बीटीला पचवताना पाहिल्याचंही लिहून ठेवलेलं नाही. आपण पाहिली.

शिक्षणसेवक_बीड

सगळ्यांचे आभार. हेडसरांना म्हटलं, लेखी सूचना द्या, लॉगबुकला चिकटवतो. "बघू" म्हणाले, त्यानंतर विषय काढलेला नाही. त्या पालकांना शेतात भेटायला जाणार आहे; त्यांचाही कापूसच आहे. गुरुजी, वर्गात दाखवायला किडकं बोंड आत्ता कुठं मिळेल?

कापूसवाले_गुरुजी

आत्ता पात्याही (कापसाच्या कळ्या) नीट धरल्या नसतील. पोळ्याच्या आसपास डोमकळी दिसायला लागेल, मिटलेलं फूल, गुलाबासारखं दिसतं, उकललं की आत अळी. तोवर भाग २ मधला दुसरा धडा घ्या आणि उत्क्रांती पुढं ढकला. घटक नियोजनात खाडाखोड होईल तेवढी होऊ द्या. आणि पुडी शोधू नका, हल्ली नॉन-बीटी पिशवीतच मिसळून येतं.