मदत हवी आहे: भिंतीची ओल आणि त्याच भिंतीलगतची बाग, दोन्ही सांभाळता येतील का?

नमस्कार मंडळी. घर कोल्हापुरात, कसबा बावड्यात. सासऱ्यांनी बांधलेलं. काळ्या दगडाचा जोता, त्यावर विटांच्या भिंती, वर स्लॅब. पश्चिमेच्या भिंतीला आतून ओल आहे आणि त्याच भिंतीला चिकटून बाहेर माझा वाफा. नवऱ्याचं म्हणणं, वाफा काढू, भिंतीपासून कंपाउंडपर्यंत पेव्हर ब्लॉक घालू, विषय संपला. माझं म्हणणं, आधी ओल कुठून येते ते तर कळू दे. दिवाळीच्या आत रंगकाम उरकायचं म्हणून मिस्त्री घाई करतोय, तेव्हा जाणकारांनी जरा लवकर बोला.

तुम्ही विचारणारच म्हणून आधीच सांगते. महापुराचं पाणी आमच्या गल्लीत २०१९ लाही आलं नाही आणि २०२१ लाही नाही. गच्ची गळत नाही, भिंतीचा वरचा भाग खडखडीत कोरडा आहे. रात्री सगळे नळ बंद करून सकाळी पाण्याचा मीटर बघितला, आकडा होता तिथेच.

ओल खालून वर चढते. फरशीपासून साधारण दोन-अडीच फुटांपर्यंत ऑइल पेंटला फोड आलेत. फोड नखाने दाबला की आतून पांढरी भुकटी गळते, म्हणजे लोणा लागलाय, भिंतीतले क्षार बाहेर येतायत. त्याच्या मागचा गिलावा चिमटीत धरला तरी वाळूसारखा सुटतो. जुलैत सगळं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतं, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आमच्या घरात त्याच सुमारास नवरा भिंतीवर पेन्सिलने ओलीची रेघ मारतो आणि शेजारी तारीख लिहितो. हसू नका, त्या रेघांचा उपयोग झालाय. ऑगस्टअखेर रेघ सगळ्यात वर असते, मार्च-एप्रिलपर्यंत वीतभर उतरते, पण पूर्ण जात कधीच नाही. आणि कढीपत्ता आहे त्या कोपऱ्यात ती सगळ्यात उंच असते. नवऱ्याचा सगळा खटला या एका कोपऱ्यावर उभा आहे.

माझा पुरावा दक्षिणेची भिंत. तिथे बाहेर एक रोप नाही, नुसतं अंगण, तरी आतून स्कर्टिंगच्या वर चार बोटं ओल आहेच. म्हणजे जोत्यावर ओल अडवणारा थरच नसावा किंवा निकामी झाला असावा, असं मला वाटतं. बाग असेल तर त्यात भर घालत असेल, मूळ दुखणं तिचं नव्हे.

प्लास्टिकची चाचणीही केली. कागदाएवढा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवला आणि दोन दिवसांनी काढला. घाम भिंतीकडच्या बाजूला होता, म्हणजे पाणी भिंतीतूनच येतंय, खोलीतल्या दमट हवेचं नाही.

आता मिस्त्री लोकांची मतं, जितकी माणसं तितकी. एकजण म्हणतो, चार फुटांपर्यंत गिलावा फोडून वॉटरप्रूफिंग पावडर मिसळलेला सिमेंटचा गिलावा करा. दुसरा म्हणतो, आतून टाइल लावा, दिसणारच नाही. (न दिसणं हा उपाय कधीपासून झाला? पाणी टाइलच्या वर जाऊन पोपडे काढणारच.) तिसरा, जरा शिकलेला, म्हणाला की जोत्यावर विटेच्या पहिल्या थराच्या सांध्यात ओळीने भोकं पाडून ओल अडवणारं केमिकल भरायचं. खालच्या दगडी जोत्यात पोकळ्या असतात, केमिकल कुठल्या कुठे निघून जाईल, म्हणून विटेतच करायचं. हे मला पटतंय, पण खर्च बराच आहे आणि प्रत्यक्ष करून घेतलेलं ओळखीत कुणी नाही.

आता बाग. भिंत ते कंपाउंड सहा फूट जागा. कढीपत्ता भिंतीपासून जेमतेम दीड फुटावर, पुढे जास्वंद, मोगरा आणि कंपाउंडकडे कोकणातून आणलेलं सोनचाफ्याचं कलम, ज्याला यंदा कुठे फुलं यायला लागलीत. माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. सासूबाईंच्या काळापासून दरवर्षी शेणखत आणि उसाचं पाचट पडत आलंय (बावड्यात पाचटाला काय तोटा), त्यामुळे वाफा चढत चढत आता आतल्या फरशीच्या चार बोटं खाली येऊन ठेपलाय. जोत्याचा दगड जवळजवळ दिसतच नाही.

नवऱ्याचा एक इंजिनिअर मित्र म्हणतो, काळ्या मातीत पायाजवळची माती सारखी ओली-कोरडी होणं वाईट, भिंतीलगत तीन फूट बाहेरच्या उताराचा पट्टा हवाच. हे मी मान्य करते. पण तीन फूट म्हणजे सहा फूट नव्हे! उरलेले तीन फूट मातीचे राहिले तर काय बिघडतं?

माझा बेत असा. भिंतीलगतची माती काढून जोता किमान नऊ इंच उघडा करायचा. तिथे बाहेरच्या उताराने कोबा आणि वर शहाबादी. पट्ट्याच्या कडेला खडी भरलेली चर, तिचं पाणी पुढच्या गटारीकडे. कढीपत्ता वाचणार नाही, पण मुळांतून फुटवे आलेत, ते कुंडीत लावून घेते. जास्वंदीच्या फांद्या लावता येतील. मोगरा मातीच्या गड्ड्यासकट हलवेन. माती निघेल तेव्हा मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचाही निकाल लागेल, गुलाब तिनेच खाल्लेत, उघड्यावर आली की साळुंक्या टिपतात.

तर सांगा, नऊ इंच पुरे की अजून खाली जावं? माती उतरवल्यावर भिंत वाळायला किती वेळ द्यायचा? मला वाटतं आत्ता फक्त बाहेरचं काम करावं, आतला ऑइल पेंट खरवडून भिंत तशीच उघडी ठेवावी आणि गिलावा-रंग थेट एप्रिलमध्ये. दिवाळीत पाहुण्यांसमोर ती भिंत कशी दिसेल यावर घरात वेगळं महाभारत सुरू आहे, ते सोडा.

संपादन: प्रतिसादांबद्दल आभार. बाथरूमच्या सांडपाण्याचा पाइप फुटला असेल तर मीटरवर कळणार नाही, हा मुद्दा अगदी बरोबर. आज मोरीत रंग घातलेलं पाणी बादलीभर ओतून चेंबरपाशी थांबलो. पाणी रंगीत आलं, पण कमी आणि उशिरा, म्हणजे वाटेत कुठेतरी मुरत असावं. चेंबर कढीपत्त्याच्याच कोपऱ्यात आहे. नवरा तेव्हापासून पेव्हर ब्लॉकबद्दल काही बोललेला नाही. उद्या तिथे खोदून बघतोय, मग पट्ट्याचं ठरवू.

केमिकल भरून घेतलेल्यांनी दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव जरूर लिहा. आणि आतून चुन्याचा गिलावा करावा असं दोघांनी सुचवलंय, भिंतीला श्वास घेता येतो म्हणून. कोल्हापुरात किंवा आसपास चुन्याचं काम अजून करणारा गवंडी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा.