मदत हवी आहे: फोटोच्या प्रिंटवर हाताने लिहिलेली अक्षरं टिकत नाहीत

आठ जणांचा प्रकल्प आहे. 8 बाय 12 इंची प्रिंट पोस्टाने एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि प्रत्येक जण फोटोवरच दोन ओळी लिहितो. प्रिंट पिगमेंट (रंगकणांच्या) शाईच्या इंकजेटवर काढलेल्या, 260 जीएसएम जाडीच्या लस्टर म्हणजे किंचित चमकदार कागदावर. त्याच्या वरच्या लेपाखाली प्लास्टिकचा थर असल्याने पेनची शाई कागदात खोल मुरत नाही, वरच राहते.

पांढरं जेल पेन दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतं. 0.7 मिमीचा अ‍ॅक्रिलिक मार्कर पक्का बसतो, पण जाड पडतो. ‘चिंता’मधला अनुस्वार वेलांटीला चिकटून नुसता ठिपका उरतो. वरून फिक्सेटिव्ह (शाई पक्की करणारा स्प्रे) मारलं, तर परमनंट मार्करने लिहिलेल्या अक्षरांच्या कडा फुटल्या. मध्ये बटर पेपर घातला, तर त्यावर अक्षरांची उलटी छाप!

फोटो बहुतेक रात्रीचे, त्यामुळे काळी शाई बाद. ओळी कॉम्प्युटरवर टाकून छापा, हा सल्ला कृपया नको; हस्ताक्षर हाच तर मुद्दा आहे. पुढची फेरी जुलैत, म्हणजे दमट हवा धरूनच सांगा.

कॉटन रॅग मॅट (कापसाच्या तंतूंचा, बिनचमकीचा) कागद घेतला, तर बारीक टोकाने पांढरी अक्षरं नीट उठतील, की कागदाचे तंतू टोकात अडकतील? आणि स्प्रेचा हात लिहिण्याआधी द्यायचा की नंतर?