जुन्या तारखेवर नवी चिकटपट्टी : तक्रार कोठे करावी?

प्रश्न : जवळच्या दुकानातून आणलेल्या बेसनाच्या पाकिटावरची चिकटपट्टी नखाने सहज सुटली आणि तिच्याखाली तीन महिन्यांपूर्वीच उलटून गेलेली तारीख दिसली. पिठाला खवट वास येत होता. दुकानदार पैसे परत देण्यास तयार आहे, परंतु तशीच पाकिटे अजून फळीवर आहेत, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

प्रतिसाद १ : पैसे घेऊन विषय मिटवू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या, किंवा १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. बिल, पाकीट आणि ती चिकटपट्टीही जपून ठेवा. वेष्टनावरील १४ अंकी परवाना क्रमांक व बॅच क्रमांक तक्रारीत अवश्य लिहा.

प्रतिसाद २ : उघडलेले पाकीट पुरावा म्हणून दुबळे ठरते, त्यामुळे फळीवरचा बंद मालच अधिकाऱ्यांनी तपासणे महत्त्वाचे आहे. ते नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद करतात आणि अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा, अशी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये तरतूद आहे. फसव्या लेबलाबद्दल कलम ५२ नुसार ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून तपासणी करून घेता येते. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो, आणि नेमके हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. छायाचित्रे काढली आहेत, उद्या सकाळीच अर्ज देतो.